मेट्रोची कॉन्फिग फाइल: हात लावायचा की नाही?

घाटमाथा
रिॲक्ट नेटिव्ह म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप बनवायचं फ्रेमवर्क; त्याच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मेट्रोची एक कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची फाइल असते. मेट्रो म्हणजे आपल्या शेकडो जावास्क्रिप्ट फाइली गोळा करून ॲपसाठी त्यांचा बंडल बांधणारा बंडलर. माझं मत सरळ आहे: ही फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये जशी येते तशीच राहू द्या. एखादी ओळ टाकलीच, तर ती का टाकली हे वर कॉमेंटमध्ये लिहा.

मागच्या महिन्यात एक जुनं ॲप माझ्याकडे आलं. कॉन्फिग नव्वदेक ओळींची, आणि त्यातली निम्मी कशासाठी आहे हे टीममध्ये कुणालाच सांगता येईना. रिॲक्ट नेटिव्हच्या ०.७२ आवृत्तीपासून या फाइलने त्याची मूळ सेटिंग्ज घेऊन त्यात आपली भर मर्ज करायची असते. तसं करायला गेलो आणि बिल्ड पहिल्याच फाइलला अडकला: 'अनेबल टु रिझॉल्व्ह मॉड्यूल', म्हणजे मागितलेली फाइल सापडत नाही. एसव्हीजी आयकॉनसाठी कुणीतरी 'सोर्स एक्स्ट्स'मध्ये, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइली कोड म्हणून वाचायच्या त्या यादीत, फक्त 'एसव्हीजी' लिहिलं होतं. मर्ज करताना अशा याद्या एकमेकींत मिसळत नाहीत, नवी यादी जुनीची जागा घेते. त्यामुळे जेएस, टीएस, जेसन सगळंच गेलं. मूळ यादी तशीच घेऊन तिच्या शेवटी एसव्हीजी जोडायचं, आणि 'ॲसेट एक्स्ट्स' या चित्रं-फॉन्टसारख्या फाइलींच्या यादीतून ते काढायचं, एवढंच हवं होतं. दोन दिवस एकेक ओळ काढून बघत बसलो. शेवटी अकरा ओळी उरल्या आणि ॲप चालतंय.

रातराणी
अजिबात पटलं नाही. एक ॲप, एक फोल्डर असेल तर ठीक आहे. आमच्याकडे मोनोरेपो आहे, म्हणजे सगळा कोड एकाच रेपोत: ग्राहकांचं ॲप, डिलिव्हरीवाल्यांचं ॲप आणि दोघांत वापरायची बटणं, फॉर्म वगैरे वेगळ्या पॅकेजमध्ये. मेट्रो आपणहून प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर बघत नाही. 'वॉच फोल्डर्स'मध्ये रेपोचं मूळ दिलं नाही तर ते पॅकेज त्याला सापडणारच नाही. इथे 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे काम करू नका म्हणण्यासारखं आहे.

त्यात दोन ॲप्समध्ये रिॲक्टच्या (रिॲक्ट नेटिव्ह ज्यावर उभं आहे ती लायब्ररी) दोन आवृत्त्या आल्या की बंडलमध्ये रिॲक्टच्या दोन प्रती जातात आणि पडद्यावर लाल चौकट येते: 'इनव्हॅलिड हुक कॉल'. आमची एक मुलगी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तीन दिवस आपले हुक (रिॲक्टची खास फंक्शन्स) तपासत बसली होती. चूक तिच्या कोडमध्ये नव्हतीच.

कोरी पाटी
रातराणी, 'एक्स्ट्रा नोड मॉड्यूल्स'मध्ये रिॲक्टचा पत्ता द्या, प्रश्न सुटेल. आणि ॲप लवकर उघडायला हवं असेल तर 'इनलाइन रिक्वायर्स' चालू करा.

घाटमाथा
कोरी पाटी, दोन्ही सल्ले तपासून मग वापरा. 'एक्स्ट्रा नोड मॉड्यूल्स'कडे मेट्रो सगळ्यात शेवटी वळतो, नेहमीच्या नोड मॉड्यूल्समध्ये, म्हणजे बाहेरची पॅकेजेस ठेवायच्या फोल्डरमध्ये, काही सापडलं नाही तरच. दुसरी प्रत तिथे आधीच बसलेली असेल तर तीच उचलली जाते. आवृत्ती सगळीकडे एक करणं हाच खरा उपाय. ते जमेपर्यंत 'ब्लॉक लिस्ट', म्हणजे मेट्रोने बघूच नयेत अशा फाइलींची यादी.

आणि 'इनलाइन रिक्वायर्स' रिॲक्ट नेटिव्हच्या मूळ सेटिंग्जमध्ये चालूच असतं. त्याने मॉड्यूल पहिल्यांदा वापरलं जाईल तेव्हा चालतं, ॲप उघडताना नाही. एखादी फाइल इम्पोर्ट होताच काही नोंदणी करत असेल, तर ती नोंदणी उशिरा होते. हे माहीत नसेल तर बग शोधताना फार त्रास होतो.

रातराणी, मोनोरेपोचं तुमचं म्हणणं मान्य. पण एक्स्पो (रिॲक्ट नेटिव्हवर उभं असलेलं फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्याच्या एसडीके ५२ या आवृत्तीपासून ती जुळवाजुळव तेच करतं. सिमलिंकचंही (दुसऱ्या जागच्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) तसंच: रिॲक्ट नेटिव्ह ०.७३ पासून त्या आपोआप चालतात, तरी त्यासाठीचे जुने जुगाड लोकांच्या फाइलींत अजून पडून आहेत. मूळ सेटिंग्ज सुधारत जातात, आपल्या ओळी तिथेच राहतात.

तिसरा मजला
मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की मेट्रोच सोडा. वापरात नसलेला कोड तो मुळात गाळत नाही. लोडॅश या तयार फंक्शन्सच्या लायब्ररीतलं एक फंक्शन हवं म्हणून अख्खं लोडॅश बंडलमध्ये. मेट्रोच्या जागी री.पॅक घ्या, त्यात आता आरएसपॅक हा बंडलर आहे, ट्री शेकिंग म्हणजे न वापरलेला कोड गाळणं आहे. मॉड्यूल फेडरेशनने प्रत्येक टीमला आपला भाग वेगळा बांधून पाठवता येतो.

घाटमाथा
पाच-सहा टीम एकाच ॲपमध्ये काम करत असतील तर जरूर घ्या. चार माणसांच्या टीमने वेबपॅक या वेबसाठीच्या बंडलरच्या धर्तीची कॉन्फिग सांभाळायची, तीही लोडॅशसाठी? ते एकच फंक्शन त्याच्या स्वतःच्या फाइलमधून इम्पोर्ट करा. शिवाय रिॲक्ट नेटिव्ह ०.७० पासून जावास्क्रिप्ट चालवणारं मूळ इंजिन हर्मीस हेच आहे. बाइटकोड, म्हणजे इंजिनला थेट चालवता येणारं कोडचं रूप, बिल्डच्या वेळीच तयार होतो आणि फोनवर लागेल तेवढाच मेमरीत येतो. न वापरलेल्या कोडने डाउनलोड फुगतं हे खरं, पण ॲप उघडायला तेवढ्या प्रमाणात उशीर होत नाही.

तिसरा मजला
डाउनलोड फुगणं तुम्ही फार हलक्यात घेताय. आमचे बरेच वापरकर्ते स्वस्त फोनवर आहेत. जागा संपली की आधी आमचंच ॲप काढतात. माझ्यासाठी प्रत्येक एमबी मोलाचा आहे.

रातराणी
तिसरा मजला, मग आधी फोटो आणि फॉन्ट किती जागा खातात ते बघा. आमच्याकडे जावास्क्रिप्टपेक्षा त्यांचंच वजन जास्त निघालं.

घाटमाथा, कॉमेंट लिहायची सूचना घेतली. आमच्या फाइलमध्ये रिॲक्टसाठी 'ब्लॉक लिस्ट'चा एक तुकडा आहे. दोन्ही ॲप्स मागच्याच महिन्यात एका आवृत्तीवर आणलीत, म्हणजे आता त्याची गरज नसावी. उद्या तो काढून, कॅश पुसून दोन्ही ॲप्स बांधून बघते.