हल्ला सर्व्हरवर, पैसे मात्र खेळाडूचे गेले: हा न्याय आहे का?

रानवारा: सप्टेंबर २०१७ मध्ये विनिंग पोकर नेटवर्क या ऑनलाइन पोकर कंपनीवर ऐन स्पर्धांच्या दिवसांत डीडीओएस हल्ले झाले, म्हणजे सर्व्हर बंद पाडण्याचे हल्ले. बनावट मागण्यांचा एवढा भडिमार की खऱ्या खेळाडूंना टेबलापर्यंत पोचताच येईना. कंपनीला स्पर्धा थांबवाव्या लागल्या, काही रद्दच कराव्या लागल्या. थांबवल्या ते योग्यच केलं, असं माझं ठाम मत आहे.

स्पर्धेत इंटरनेटची लाइन गेली तरी ब्लाइंड, म्हणजे पाळीपाळीने सक्तीने लावायच्या चिप्स, कापले जातातच. मी इंग्लंडात असताना एका साइटवर हे भोगलंय. हातात इस्पिक आणि बदामाची राणी, समोरच्याने रेज केलेलं, म्हणजे पैज वाढवलेली, आणि पडदा गोठला. राउटरचे दिवे हिरवेच होते. सात-आठ मिनिटांनी आत शिरलो तेव्हा राण्या कधीच फोल्ड झालेल्या, म्हणजे डाव सोडल्यात जमा, चिप्स निम्म्यावर. बिघाड त्यांच्याच सर्व्हरचा होता हे साइटने नंतर कबूल केलं, पण प्रवेश फीसुद्धा परत दिली नाही.

किलवर_एक्का: वाईट वाटलं, तरी लाइन तुटली म्हणून सवलत द्यायच्या मी विरोधात. ऑनलाइन पोकरच्या सुरुवातीच्या काळात अशी सवलत होतीच की. लाइन तुटली तर पॉटमध्ये, म्हणजे डावाच्या गल्ल्यात, जेवढे पैसे पडलेत तेवढ्यापुरतं तुम्हाला ऑल-इन (सगळे पैसे लावलेला) धरायचे, आणि पुढे एक पैसा न घालता शेवटची पानं बघायला मिळायची. लोकांनी काय केलं? समोरून मोठी पैज आली की केबल उपटायची! म्हणून तर साइट्सनी ती सवलत काढली. प्रामाणिक माणसासाठी दार किलकिलं ठेवलं की लबाड आधी घुसतो.

नागपूरकर: बुद्धिबळाचं आठवा. ३० ऑगस्ट २०२०, ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम फेरी, भारत विरुद्ध रशिया. पहिला सामना ३-३. दुसऱ्यात आमची दिव्या देशमुख आणि निहाल सरीन यांचं कनेक्शन गेलं आणि वेळ संपून डाव गेले. त्या दिवशी जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं होतं. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्ण दिलं. त्या पोरांनी काय केबल उपटली होती?

किलवर_एक्का: आणि त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचं कनेक्शन गेलं, त्यांचं अपील फेटाळलं, ते चिडून बाहेर पडले. समोर आपणच होतो. तो न्याय पटला तर हाही पटवून घ्या. शिवाय रशियाने तो दुसरा सामना ४.५-१.५ ने घेतला होता. ते दोन्ही डाव बरोबरीत धरले तरी ३.५-२.५, म्हणजे रशियाच पुढे.

नागपूरकर: एक जिंकला आणि एक बरोबरीत सुटला असता तर ३-३. तुम्ही सोयीचंच गणित मांडताय.

रानवारा: आर्मेनियाचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथे सर्व्हर ठीक होता, असा निर्वाळा देऊन अपील फेटाळलं. म्हणजे लाइन कुठे तुटली हे तपासता येतं. एकाच मिनिटात शेकडो खेळाडू गळाले तर ती कोणाची चलाखी नसते, आणि ते साइटला आपल्या पडद्यावर दिसत असतं. अशा वेळी सगळ्यांचं घड्याळ थांबवा. खेळ सुरू होणारच नसेल तर फी परत करा आणि बक्षिसाची रक्कम उरलेल्यांत चिप्स बघून वाटा. एकट्याची लाइन गेली तर त्याचं नशीब, एवढं मीही मानतो.

किलवर_एक्का: चिप्स बघून वाटलं तर ज्याच्याकडे सगळ्यात मोठा ढीग आहे त्याचं पहिलं बक्षीस बुडतं. चार तास डोकं लावून बसलेल्या त्या माणसाने काय पाप केलं?

रानवारा: काहीच नाही. त्याचं नुकसान कंपनीने स्वतःच्या खिशातून भरावं. प्रत्येक प्रवेशामागे ती फी घेते ना?