‘ने’ : ग्रीकमध्ये होकार, बल्गेरियनमध्ये नकार

प्रश्न :
ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे होय, तर ग्रीसला लागूनच असलेल्या बल्गेरियात ‘ने’ म्हणजे नाही. कोरियनमध्ये तो पुन्हा होकार ठरतो, तुर्कीत त्याचा अर्थ ‘काय’ असा होतो आणि मराठीत तर तो तृतीयेचा प्रत्ययही आहे व ‘नेणे’चे आज्ञार्थी रूपही. या सर्वांचे मूळ एक असावे, की हा योगायोग समजावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बल्गेरियन, चेक व सर्बियन भाषांतला नकारार्थी ‘ने’, फारसीतला ‘न’ आणि संस्कृतातला ‘न’ ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय नकारवाचक शब्दाची रूपे असून आपल्या ‘नाही’तही तोच ‘न’ आहे. ग्रीक होकार मात्र वेगळा. प्राचीन काळी त्याचा उच्चार ‘नाइ’ असा होता. पुढे त्यातल्या जोडस्वराचा ‘ए’ झाला, आणि त्यामुळेच तो आज शेजाऱ्यांच्या नकारासारखा ऐकू येतो. लेखनात ते दोन्ही स्वर अजूनही टिकून आहेत. कोरियन व तुर्की या निराळ्या कुळांतल्या भाषा असल्यामुळे तेथे योगायोगच मानावा, कारण एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्या साम्यावरून नाते सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेक शब्दांत नियमित आढळणारा ध्वनिबदल दाखवावा लागतो.

प्रतिसाद २ :
मला घराजवळचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. गुजरातीत ‘रामने केरी आपी’ म्हणजे रामाला आंबा दिला. मराठी कानाला मात्र देणारा रामच वाटतो. आपल्या ‘ला’चे काम तेथे ‘ने’ करतो आणि कर्ता ‘रामे’ असा येतो. हिंदीत ‘ने’ कर्त्यालाच लागतो. साधनासाठी ‘चाकू से’ म्हणावे लागते, तर मराठीत ‘रामाने चाकूने आंबा कापला’ या एका वाक्यात दोघांनाही तोच प्रत्यय चालतो. आज्ञार्थी ‘ने’ याहून स्वतंत्र आहे. तो संस्कृत ‘नी’ धातूपासून आला असून ‘नेता’ हा शब्दही त्याच धातूचा आहे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. जपानी वाक्यांच्या शेवटी येणारा ‘ने’ आपल्या ‘येणार ना?’मधल्या ‘ना’सारखाच वापरला जातो. त्याचे काय?

प्रतिसाद १ :
काम पुष्कळसे सारखे आहे, ऐकणाऱ्याची संमती मागण्याचे; परंतु वंशाचा संबंध नाही. गुजरातीतही ‘आवशो ने?’ असे विचारतात.