अर्धशिशीचा झटका : घरच्या घरी काय, किती आणि कधी?

मोरपंखी
अर्धशिशीवर थंड शेक, आलं, मॅग्नेशियम, पुदिन्याचं तेल असं बरंच काही सुचवलं जातं, पण प्रमाण कुणी सांगत नाही. महिन्यातून चार-पाच झटके येतात. एका बाजूचं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, जिना चढला तरी ठणका वाढतो. निदान डॉक्टरांनी केलेलं आहे, गोळीही दिलेली आहे. शेक थंड द्यायचा की गरम, आणि नेमका कुठे? आलं किती? आणि तोच उपाय एकदा लागू पडतो, पुढच्या वेळी अजिबात नाही, हे कशामुळे?

सांजवेळ
तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. फरक बहुतेकदा उपायात नसतो, वेळेत असतो. झटका चढला की जठराचं काम मंदावतं. पोटात घेतलेलं आलं असो वा गोळी, ते तिथेच पडून राहतं. शिवाय तासा-दोन तासांत मेंदूतल्या वेदनेच्या वाटा इतक्या संवेदनशील होतात की कंगवा फिरवला तरी टाळू दुखते, चष्म्याची काडीसुद्धा टोचते. टाळू अशी हुळहुळी झाल्यावर उपाय फार थोडे चालतात. म्हणून जे करायचं ते पहिल्या अर्ध्या तासात.

काही जणांना त्याआधीच चाहूल लागते: विनाकारण जांभया, मान आखडणं, चिडचिड, गोड खावंसं वाटणं. मान आखडते म्हणून झटका आला असं समजून लोक मान रगडत बसतात. पुष्कळदा ते झटक्याचंच पहिलं लक्षण असतं. जोरात चोळल्याने ठणका वाढू शकतो.

शेक थंड द्या. जेलची पिशवी पातळ सुती कापडाच्या दोन घड्यांत गुंडाळा. एक मानेच्या मागे, कवटी जिथे संपते त्या खाचेत, आणि दुसरी दुखऱ्या बाजूच्या कपाळावर व कानशिलावर. पंधरा ते वीस मिनिटं, मग तितकीच विश्रांती, मग हवं तर पुन्हा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, कातडी गारठून भाजल्यासारखी होते. पिशवी दाबून बांधायचीही गरज नाही. खोली अंधारी, आवाज बंद, मोबाईल दूर. गरम शेक फक्त खांद्यांचे स्नायू ताठरले असतील तर, आणि तोही खांद्यांनाच.

नाक चोंदलं म्हणून सायनस समजून वाफ घेणारे खूप आहेत. अर्धशिशीतही नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. वाफेची उष्णता आणि त्यात टाकलेल्या बामचा उग्र वास, दोन्ही बाधू शकतात.

सुंठसाखर
आल्याबद्दल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शंभर रुग्णांपैकी निम्म्यांना २५० मिलिग्रॅम सुंठ पूड आणि निम्म्यांना सुमाट्रिप्टान या अर्धशिशीवरच्या औषधाची गोळी दिली होती. दोन तासांनी दोन्ही गटांचा ठणका जवळपास सारखाच उतरला. मात्र औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना त्यात नव्हती, म्हणून फार हुरळून जाऊ नये. मळमळ कमी करायला मात्र आलं चांगलंच.

पाव चहाचा चमचा सुंठ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढी पुरे. थेट गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या घशाशी झोंबतात, म्हणून आधी चमचाभर गार पाण्यात कालवून घ्या, मग अर्धा कप कोमट पाणी घाला. घोट-घोट घ्या, गटागट प्यायल्यास उलटी होण्याची शक्यता. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रोज खाऊन झटके कमी होतील ही आशा मात्र ठेवू नका. तशी चाचणी झाली आहे आणि फायदा दिसला नाही.

कपभर कॉफी सुरुवातीला घेतली तर वेदनाशामक गोळीचा परिणाम वाढतो. पण रोज तीन-चार कप घेणाऱ्याला एक दिवस चुकला तरी डोकं धरतं, तेव्हा सवय आटोक्यात हवी.

मोरपंखी
पुदिन्याचं तेल कपाळाला लावलेलं चालेल का? आणि मॅग्नेशियमची गोळी झटक्याच्या दिवशीच घ्यायची का?

निळीशाई
तेल लावायचं तर पातळ करूनच: साध्या खोबरेल तेलाच्या एका चमचात पाच-सहा थेंब. कपाळावर आणि कानशिलांवर बोटाने हलकं फिरवा, डोळ्यांपासून दूर. वासानेच मळमळत असेल तर सोडून द्या. लहान मुलांच्या तोंडा-नाकाजवळ अजिबात नको, श्वासाला त्रास होतो.

मॅग्नेशियम झटक्याच्या दिवशी गिळून काही होत नाही, झटके कमी व्हावेत म्हणून ते रोज घ्यायचं असतं. चाचण्यांत दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम वापरलंय आणि परिणाम पाहायला दोन-तीन महिने लागतात. लोक इथेच फसतात: तो आकडा शुद्ध मॅग्नेशियमचा असतो. लेबलवर '१००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेट' लिहिलं असेल तर त्यात मॅग्नेशियम जेमतेम १६० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रमाण जास्त, पण अंगात कमी मुरतं आणि जुलाब लवकर होतात. दोन डोसांत विभागून, जेवणानंतर घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मुळीच नको, गरोदरपणातही डॉक्टरांना विचारूनच. झटके कमी करायला बी-२ जीवनसत्त्वही घेतात, त्याची मात्रा ४०० मिलिग्रॅम रोज, तीही तीन महिने. लघवी भडक पिवळी होते, घाबरू नका. अर्धशिशीवर सुचवल्या जाणाऱ्या बटरबर नावाच्या वनस्पतीपासून मात्र लांब राहा, तिने यकृताला इजा झालेली आहे.

सांजवेळ
गोळीबद्दल एक सांगायचं राहिलं. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस, आणि ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारख्या अर्धशिशीच्या गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या दहा दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळीमुळेच डोकेदुखी जडू शकते. कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारा, शेजारी झटका किती वाजता सुरू झाला आणि उपाय किती वाजता केला हे लिहा. दोन महिन्यांत तुमचा उशीर कुठे होतो ते दिसेल.

आणि क्षणात कळस गाठणारी वेदना, ताप व मान ताठ, हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यावर किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर आलं-बर्फ करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.