काळ्या मातीवर कृत्रिम पटिंग ग्रीन : पाया कसा घालावा?

प्रश्न : नाशिक येथील घराच्या परसात २० फूट लांब व १० फूट रुंद कृत्रिम पटिंग ग्रीन (गोल्फचा चेंडू हलक्या फटक्याने भोकात घालण्याची गुळगुळीत हिरवळ) करावयाचे आहे. जमीन काळी आहे. विक्रेता हिरवळ थेट मातीवर अंथरण्यास सांगतो. ते योग्य आहे का?

पहिले उत्तर : कृपया तसे करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. त्यामुळे पृष्ठभाग लवकरच उंचसखल होतो व चेंडू वाट सोडतो. माझ्या मते निदान दीड फूट माती काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी (ठोकून घट्ट दाबावे) आणि त्यावर ४ इंच खडी व बारीक कच दाबून बसवावी. १०० फुटांस १ ते २ फूट ढाळ ठेवावा, तोही घरापासून दूर जाणारा.

दुसरे उत्तर : पूर्ण सहमत. कप, म्हणजे चेंडू पडण्याच्या भोकात बसवायची वाटी, पायाच्या कामातच पक्का करावा. गोल्फच्या नियमानुसार भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. नंतर अंथरलेल्या हिरवळीच्या तंतूंमध्ये कोरडी सिलिका वाळू ब्रशने थोडी थोडी भरावी, कारण चेंडूचा वेग बहुतांशी तिच्यावर ठरतो.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आता खोदकामापासूनच सुरुवात करतो.

तिसरे उत्तर : दुपारी ही हिरवळ फार तापते, मुलांना अनवाणी जाऊ देऊ नका.