अन्नप्रक्रिया उद्योगात अधिकारी असलेल्या वडिलांवर स्मृतिलेख कसा लिहावा?

प्रश्न

माझे वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांनी ३४ वर्षे अन्नप्रक्रिया उद्योगात काढली. प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून ते रुजू झाले आणि निवृत्त होताना संपूर्ण उत्पादनाचे प्रमुख होते. त्यांचे जुने सहकारी एक छोटी स्मरणिका काढत आहेत आणि तिच्यातील मुख्य लेख मी लिहावा, असे ठरले आहे. पहिला मसुदा आईला वाचायला दिला, तेव्हा तिने तो शांतपणे परत केला आणि म्हणाली, ‘‘हा तर नोकरीचा अर्ज झाला.’’ पदे, बढत्या, पुरस्कार, सगळे त्यात होते. बाबा तेवढे नव्हते.

अडचण अशी की घरी ते कामाबद्दल फारसे बोलत नसत. मला आठवतात त्या सगळ्या लहानसहान गोष्टी: फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीवर त्यांच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी असे, दुकानात डबाबंद पदार्थ घेताना ते झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवीत, आणि रात्री फोन आला की दोनच प्रश्न विचारीत, ‘‘कोणती बॅच? किती बाहेर गेलं?’’ मग बूट घालून निघून जात. हा घरातला माणूस आणि तो कारखान्यातला अधिकारी, या दोघांना एका लेखात कसे आणावे?

पहिला प्रतिसाद

मी याच व्यवसायातून निवृत्त झालो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला लहानसहान वाटणाऱ्या या गोष्टींतच त्यांचे काम आहे.

तो अंगठाच घ्या. डब्याचे झाकण आणि अंग एकमेकांत दुमडून जी कड तयार होते, तिला आम्ही डबल सीम म्हणतो. तिथे धार किंवा खाच लागली, तर तो डबा हवाबंद राहील याची खात्री उरत नाही. फुगलेले झाकण तर हातातही घ्यायचे नाही. ज्या पदार्थाचा पीएच (आम्लतेचे माप) ४.६ पेक्षा जास्त असतो, म्हणजे जो कमी आंबट असतो, त्यात हवा नसलेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विष तयार करणारा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणून वाफेच्या दाबाखाली, रिटॉर्टमध्ये (प्रेशर कुकरसारख्या मोठ्या बंद भांड्यात), डब्यातला सर्वांत उशिरा तापणारा भागही १२१ अंश सेल्सिअसला सुमारे ३ मिनिटे राहील, किंवा तेवढाच परिणाम साधेल, इतकी उष्णता द्यावी लागते. यात मधेच वाफेचा दाब उतरला, तर बाहेरून डबा अगदी तसाच दिसतो, आणि विष तयार झालेल्या अन्नाला वास येईलच असेही नाही.

अशा वेळी तापमानाच्या आलेखाचा कागद हातात धरून कोणीतरी ‘‘माल होल्डवर टाका’’ म्हणावे लागते. बाहेर गाड्या उभ्या असतात, विक्री विभागाचा माणूस डोक्यावर उभा असतो आणि नुकसानीचा आकडा सर्वांना पाठ असतो. ‘‘किती बाहेर गेलं?’’ या प्रश्नाचा अर्थ एवढाच की गोदामातला माल अडवता येतो, दुकानातला परत मागवावा लागतो आणि ताटातल्याचे काही करता येत नाही.

आणखी एक. त्यांची नोकरी १९९३ च्या आधी सुरू झाली असेल, तर एक मोठा बदल त्यांनी आतून पाहिला असणार. ‘हॅसॅप’ ही धोके आधीच ओळखून नेमक्या टप्प्यावर रोखण्याची पद्धत अंतराळवीरांच्या अन्नासाठी १९६० च्या सुमारास पिल्सबरी कंपनीने नासा आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळांसह बसवायला घेतली, कारण तयार माल तपासून खात्री करायची तर बॅचचा बराचसा भाग तपासणीतच संपत असे. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने तिची मार्गदर्शक तत्त्वे १९९३ मध्ये स्वीकारली. शेवटी माल तपासणाऱ्या पिढीला टप्प्याटप्प्यावर नोंदी ठेवायला शिकवणे हे काम कोणी केले, हे त्यांच्या हाताखालच्या लोकांना विचारा. फ्रिजमधल्या चिठ्ठ्यांची सवय कुठून आली, हेही त्यातच सापडेल.

दुसरा प्रतिसाद

पुरस्कार एका चौकटीत टाका आणि विसरून जा. संचालकांच्या आठवणी मिळतीलच, त्या बहुधा सारख्याच असतात. रात्रपाळीचा बॉयलर ऑपरेटर, प्रयोगशाळेतली सहायक आणि गाडीचा चालक यांना मात्र आवर्जून भेटा. साहेब चिडल्यावर कसे बोलत, हे त्यांनाच ठाऊक असते.

तिसरा प्रतिसाद

माझी आईही याच क्षेत्रात वरच्या पदावर होती, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावते. रात्री निघून जाणाऱ्या वडिलांचे थोरपण लिहिताना मागे राहिलेल्या घराला गाळू नका. आईच्या कामाचे महत्त्व आज मला पटते, तरी तिच्याशिवाय जेवलेल्या संध्याकाळी त्यामुळे भरून निघालेल्या नाहीत, आणि लेखात तसे लिहिले म्हणून तिचा अपमान होईल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल बाबांच्या हाताखाली काम केलेल्या एका निवृत्त पर्यवेक्षकांना फोन केला. ते म्हणाले की दाब उतरल्याची नोंद त्यांनी एकदा घाबरून दडवली होती, तेव्हा साहेबांनी आवाज न चढवता शेजारी खुर्ची ओढली, त्यांच्याच हातून ते पान पुन्हा लिहून घेतले, संपूर्ण बॅच होल्डवर टाकली आणि वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. घरी मात्र शाळेच्या प्रगतिपुस्तकावर खोटी सही केल्याबद्दल त्यांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला होता. आईला हे सांगितले, तेव्हा ती प्रथमच हसली आणि म्हणाली, ‘‘दोन्ही लिही.’’ आता लेख त्या पानापासून सुरू करतो आहे.