मदत हवी आहे: टीएच१७ होतच नाहीत!

पेशीवाली
सीडी४ पेशींपासून (मदतनीस टी पेशी) टीएच१७, म्हणजे आयएल-१७ सोडणाऱ्या पेशी, करायच्या आहेत. टीजीएफ-बीटा आणि आयएल-६ हे दोन्ही संदेशवाहक रेणू घालते. चौथ्या दिवशी फ्लोवर (पेशी तपासून मोजायचं यंत्र) आयएल-१७वाल्या पेशी जेमतेम दोन टक्के, इंटरफेरॉन गॅमावाल्या मात्र भरपूर. सोमवारी लॅब मीटिंग आहे. 'पेपर वाच' सोडून काहीही सांगा.

उनाडपाखरू
माणसाच्या की उंदराच्या? माणसाच्या असतील तर आयएल-१बीटा, आयएल-२३ पण लागेल.

पेशीवाली
उंदराच्याच. प्लीहेतल्या.

मधुकाका
आधी पाया पक्का करा. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदराच्या मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार दाखवले. टीएच१ इंटरफेरॉन गॅमा सोडतात, टीएच२ आयएल-४. लीशमॅनिया मेजर हा परजीवी टोचला की ब्लॅक सिक्स जातीचा उंदीर बरा होतो, बाल्ब/सी जातीचा मरतो, कारण त्याच्यात टीएच२ माजतात. आयएल-१२ मिळालं की टीएच१ घडवणारं टी-बेट प्रथिन चालू, आयएल-४ मिळालं की टीएच२ घडवणारं गाटा३.

सुकाबोंबील
काका, प्रश्न टीएच१७चा आहे.

मधुकाका
म्हणूनच म्हटलं, पाया.

रानमेवा
काकांनी न विचारता उत्तर दिलंय खरं. इंटरफेरॉन गॅमा आणि आयएल-४ दोन्ही टीएच१७ला दाबतात. दोघांना अडवणाऱ्या ब्लॉकिंग अँटिबॉडी घालतेस ना? आणि 'सीडी४' म्हणजे सगळ्या, की नाईव्ह (अजून कुठल्याच जंतूला न भेटलेल्या) वेगळ्या काढून?

पेशीवाली
सगळ्या, किटने. पेशी वेगळ्या काढणाऱ्या सॉर्टर यंत्राचा स्लॉट मिळत नाही. अँटिबॉडी नाही घातल्या, पेपरच्या मेथड्समध्ये उल्लेखच नाही.

रानमेवा
मेथड्समध्ये निम्मं गाळलेलंच असतं. तुझ्या त्या इंटरफेरॉनवाल्या पेशी बऱ्याचशा जुन्या मेमरी पेशी असणार. सॉर्टर नसेल तर नाईव्हचं मॅग्नेटिक किट घे, पृष्ठभागावर सीडी६२एल असलेल्या आणि सीडी४४ कमी असलेल्या, म्हणजे नाईव्ह पेशी मिळतात.

सुकाबोंबील
पेशी वाढवायला आरपीएमआय माध्यम वापरतेस का? फेकून दे. आयएमडीएम माध्यमात ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं जास्त, त्यांच्यापासून पेशीतल्या एएच रिसेप्टरला चेतवणारे रेणू बनतात आणि आयएल-१७ वाढतं.

उनाडपाखरू
आमच्याकडे आरपीएमआयमध्ये झकास होतात. उगाच खर्चात पाडू नका पोरीला.

सुकाबोंबील
झकास म्हणजे किती टक्के?

उनाडपाखरू
पुरेसे.

निवांतक्षण
सूनबाईंना सारखी सर्दी होते. टी पेशी वाढायला गुळवेल चालेल का?

रानमेवा
वेगळा धागा काढा हो. @पेशीवाली, बाहेरून आयएल-२ घालतेस?

पेशीवाली
हो, पेशी जगायला. सगळेच घालतात ना?

रानमेवा
टीएच१७ला नाही. आयएल-२ने स्टॅट५ हे प्रथिन चालू होतं, ते आयएल-१७च्या जनुकावर ते चालू करणाऱ्या स्टॅट३ला बसू देत नाही.

उनाडपाखरू
आणि काढलं की निम्म्या मरतील, मग इथेच परत धागा येईल. टी पेशीला जगायचा इशारा देणारी सीडी२८ची अँटिबॉडी नीट लाव, तेवढ्यावर तगतात.

पेशीवाली
आयएल-२ आजपासून बंद. अँटी-आयएल-४ मागवायची तर महिना जाईल. कुणाकडे आहे?

रानमेवा
अँटी-आयएल-४चा ११बी११ क्लोन आहे आमच्याकडे, व्यनि कर. पण टीजीएफ-बीटा किती घालतेस ते अजून सांगितलं नाहीस. फार झालं तर टीएच१७ सोडून फॉक्सपी३वाल्या टीरेग (प्रतिकार आवरणाऱ्या टी पेशी) होतील.