धागा: छोट्या प्रकल्पाला सतत फझिंग ही हौस नाही

तापीकाठ (जळगाव)
काल इथे कोणी लिहिलं, “जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी आपली लायब्ररी केवढीशी! तिला सतत फझिंग म्हणजे हौस. टेस्ट आहेत, बास झालं.” रात्रभर तेच डोक्यात घोळलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नव्यांसाठी: लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, आणि फझिंग म्हणजे त्याला वाटेल तसा वेडावाकडा मजकूर देत राहून तो कुठे पडतो ते बघणं.

टेस्टमध्ये आपल्याला सुचलं तेवढंच तपासलं जातं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर ठेवायची असते. म्हणून आपला कोड पुढचं व्यंजन शोधत जातो. फाइल वेलांटीवरच संपली तर? तो बफर, म्हणजे मजकुरासाठी राखलेली मेमरी, ओलांडून वाचत सुटतो. रफाराचं उलट. तो अक्षरानंतर येतो म्हणून कोड मागे सरकतो, आणि पहिलाच बाइट रफाराचा असला की बफरच्या आधीची मेमरी वाचतो. आपल्या एकाही टेस्टमध्ये हे नव्हतं. लिबफझर (फझिंग करणारं साधन) आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं) लावले, चहा निवायच्या आत दोन्ही सापडले.

पांझराकाठ (धुळे)
ते काल मीच लिहिलं होतं. सापडले ना दोन्ही? दुरुस्त करा. रोज कशाला? ओएसएस-फझ, ती गूगलची मुक्त प्रकल्पांना फझिंग करून देणारी सेवा, आपल्याला घेणार नाही, तिथे भरपूर वापर असलेले किंवा जगाचा कारभार ज्यांवर चालतो असे प्रकल्प लागतात. घेतलंच तर 90 दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर चूक जाहीर. मी आधीच्या एका प्रकल्पात हे भोगलंय. दिवसभर नोकरी, रात्री अहवाल, त्यातही एकाच चुकीचे पाच-पाच. शेवटी प्रकल्प सोडला. कुणी विचारलंसुद्धा नाही.

तापीकाठ
ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण ओएसएस-फझ हा एकच रस्ता नाही. क्लस्टरफझलाइट हे फझिंगचं साधन 2021 पासून आहे, ते आपला कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबवरच चालतं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडात बदल घ्यायची विनंती, आली की दहा मिनिटं फझिंग, बाकी वेळ गप्प. आणि रोज अशासाठी की चूक नव्या कोडबरोबर आत येते. हार्टब्लीड हा मेमरीतलं गुपित बाहेर वाचू देणारा दोष, तो ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमध्ये एका नव्या सुविधेबरोबर आला, 2012 पासून सगळीकडे पसरला, 2014 च्या एप्रिलमध्ये उघड झाला. पुढच्या वर्षी एएफएल हा फझर आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने तोच काही तासांत सापडतो हे दाखवलं गेलं. दोन वर्षं आणि काही तास!

बोरीकाठ (अमळनेर)
तुमचा बफर फुटला, माझं पुस्तक बुडालं. वीस वर्षं डीटीपी करतोय. अहिराणी गाण्यांची चोपडी तुमच्या लायब्ररीतून काढली. ‘डोया’चा ‘डोळा’, ‘काया’चा ‘काळा’, ‘केयी’ची ‘केळी’! प्रोग्राम कोसळला नाही, कुठे लाल अक्षर दिसलं नाही. छापून आल्यावर म्हातारी गाणारी म्हणाली, हे माझं नाही. मनी मायनी बोली शे ती, चूक नही!

अनेर (चोपडा)
नाना, विषय फझिंगचा आहे. अहिराणीसाठी वेगळा धागा काढा.

बोरीकाठ
‘वेगळा धागा काढा’ हेच जन्मभर ऐकलं. शाळेत ‘डोया’ म्हटलं की छडी, आता मशीनची छडी. तो शुद्धलेखनाचा टप्पा घातला कुणी, ते सांगा आधी.

अनेर
मी घातला. ऑफिसांची जुनी पत्रं प्रमाण मराठीत होती, त्यांत ‘ळ’च्या जागी ‘य’ पडलेले शेकड्यांनी. त्यासाठी शब्दांची यादी केली. घरी मीही ‘डोया’च म्हणतो. छडीचं माझ्यावर ढकलू नका.

पांझराकाठ
घ्या! याला तुमचा फझर काय करणार? तो प्रोग्राम पडला की ओरडतो. चुकीचं अक्षर त्याला कळत नाही.

तापीकाठ
सांगितलं तर कळतं. मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टात न्यायचा, परत युनिकोडमध्ये आणायचा. जसाच्या तसा आला नाही की आपणच अबॉर्ट मारायचा, म्हणजे प्रोग्राम मुद्दाम पाडायचा. ‘डोया’ गेला आणि ‘डोळा’ परतला, की तिथेच पकडला.

पांझराकाठ
जुन्या फॉन्टात एकच ‘ग’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. अख्खा, किंवा अर्धा ग आणि पुढे काना. दिवसभर खोटे गजर वाजतील.

तापीकाठ
जुन्या फॉन्टाकडून सुरुवात केली तर वाजतील. युनिकोडकडून केली तर परतताना दोन्ही तऱ्हा एकाच ‘ग’वर येतात. फक्त इनपुट आधी नॉर्मलाइझ करायचं, म्हणजे एका अक्षराचं एकच रूप ठेवायचं, आणि त्या फॉन्टात नसलेली अक्षरं गाळायची.

पांझराकाठ
हे मला सुचलं नव्हतं. ठीक आहे, पुल रिक्वेस्टवर दहा मिनिटं लावा. रात्रभरचं नको. अहवाल ज्याची पुल रिक्वेस्ट त्यालाच जातील, मला एकही नको. एवढं लेखी असेल तरच मर्ज करेन, म्हणजे कोडात घेईन.

अनेर
शब्दयादीचा टप्पा आज बंद करतो. ज्याला हवा तो पर्याय देऊन चालू करेल. नाना, ती चोपडी तपासायला मी येतो.

बोरीकाठ
या. सीड कॉर्पससाठी, म्हणजे फझरला सुरुवातीला द्यायच्या नमुन्यांसाठी, माझ्या जुन्या फाइली घ्या, पंधरा वर्षांच्या आहेत. गाणारीला विचारून देतो. पण आधी टप्पा बंद झालेला दाखवा, मग पेनड्राइव्ह.